दोरा बांधलेलं पडवळ

“बी कधी एका घरात ठेवू नये, कुसुम. एका घरातलं बी म्हणजे एकुलतं एक पोर. त्याला शिंक आली तरी सगळं घर हादरतं. निम्मं आपल्याकडे, निम्मं जिनतकडे. आणि मोजताना एखादी जास्तीची निघाली, तर ती तिकडे. आपल्याकडे ठेवायची नाही.”

माईंना, कुसुमच्या सासूबाईंना, जाऊन तीन वर्षं झाली, तरी त्यांचा आवाज वेळकाळ न बघता यायचा. आज तो आला तो भर पंगतीत, कुसुमच्या तोंडात घास असताना. आणि घासात बी होती.

ऋषिपंचमी होती. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून वरीचे तांदूळ आणि घरी हातानं लावलेल्या भाज्यांची ती एकत्र भाजी. खांबेट्यांकडे ही भाजी माईंच्या काळापासून परसातली असायची. परस गेलं, जुनी इमारत गेली, तिच्या जागी लिफ्टवाली नवी उभी राहिली, तेव्हा ती गच्चीवरच्या ड्रमांतून यायला लागली. कुसुमनं घास चावला. तो चिवट लागला, सुंभासारखा. मग दाढेखाली टणक काहीतरी आलं. तिनं ते जिभेवर घोळवलं. खडबडीत पाठ, कातरलेल्या कडा. चाळीस वर्षं ज्या बिया तिनं राखेत घोळल्या, त्या तिला जिभेलाही कळल्या.

कोवळ्या पडवळात अशी बी नसते. ती जून फळात असते. आणि माईंच्या पडवळाचं जून फळ या वर्षी अख्ख्या पृथ्वीवर एकच होतं.

विचारायचं तर बोलावं लागणार, आणि चातुर्मासात ती मौनानं जेवायची. बावीस वर्षांचा नेम. घरच्यांना या नेमाचं मनापासून कौतुक होतं. जिथं प्रत्येकाला बोलायचंच असतं, तिथं एखाद्यानं गप्प बसायचं व्रत घेतलं तर त्यासारखी सोय नाही.

“भाजी चिवट झालीय का हो, भाऊजी?” तिच्या धाकट्या जावेनं, सुरुचीनं, विचारलं. कुसुम पूजेत होती म्हणून आजची भाजी सुरुचीनं केली होती. वर्षातून एकदा ती कोथरूडहून येऊन कसबा पेठेतल्या स्वयंपाकघराचा ताबा घ्यायची आणि पुढचं वर्षभर त्याबद्दल सांगायची.

“छे छे,” कुसुमचे यजमान अनंतराव म्हणाले. “जबड्याला निवृत्तीनंतर प्रथमच काम मिळालं. बरं वाटतंय त्याला.”

“दरवेळी कुसुमवहिनी करतात तेव्हा हे व्यायाम नसतात वाटतं.”

“तेव्हा भाजी असते.”

सुरुचीचा मुलगा पुष्कर यातलं काही ऐकत नव्हता. ताटाशेजारी फोन उभा करून तो उद्याचं वेळापत्रक वाचून दाखवत होता. “सकाळी दहाला शूट. आधी गच्ची, मग ते दोरा बांधलेलं फळ, मग काकू. काकू, तुम्ही फक्त फळाकडे बघायचं. बोलायचं काही नाही.”

“त्यात तिला अवघड काय आहे,” अनंतराव म्हणाले.

“काका, सीरियसली. ‘माईंचा वारसा’ लाँच होतंय. एका पाकिटात पाच बिया, हातकागद, आणि आत माईंची गोष्ट.”

“म्हणजे बिया पाच आणि गोष्ट पसाभर.”

“लोक स्टोरी विकत घेतात, काका,” शेफाली म्हणाली. ही पुष्करची बायको. या घरात आल्यापासून ती सगळ्यांना दोन बोटांच्या चौकटीतून बघत असे. “आणि फळावरचा तो रेड थ्रेड! इतका ऑर्गॅनिक दिसतो ना फ्रेममध्ये.”

कुसुम चावत होती. पानात अन्न टाकायचं नाही, हा दुसरा नेम. एरवी तिचे सगळे नेम शेजाऱ्यांसारखे गुण्यागोविंदानं नांदायचे. आज दोघांनी मिळून तिला कोपऱ्यात गाठलं होतं. विचारता येत नव्हतं आणि टाकताही येत नव्हतं. ज्या फळासाठी ती दोन महिने रोज पहाटे गच्चीचे चार जिने चढली होती (लिफ्ट पहाटे चालवू नये, अशी सोसायटीची सूचना होती), ते फळ तिनं मीठ-मिरची-चिंचेसकट, शेवटच्या फोडीपर्यंत, मुकाट्यानं खाल्लं. बी तेवढी ताटाच्या कडेला ठेवली. शिजून मऊ पडलेली. तिचं आता काही व्हायचं नव्हतं.

मग ताटाला नमस्कार केला. उठली. चूळ भरली. पदराला हात पुसले.

“सुरुची, पडवळ कुठलं घेतलंस?”

“गच्चीवरचं. कुठलं घेणार?”

“गच्चीवर मंडईतल्या बियाण्याची दोन कोवळी होती.”

“ती बोटाएवढी होती, वहिनी. एवढ्या माणसांना काय करू त्यांचं? मोठं एकच होतं. लाल दोऱ्याचं.”

पुष्करनं फोन पालथा ठेवला. त्याच्या तीस वर्षांच्या आयुष्यात हे फार क्वचित घडलं होतं.

“आई. तू ते तोडलंस?”

“तोडू नाही तर काय करू? दोरा बांधला होता म्हणूनच तोडलं! मला वाटलं, देवाला बोललंय.”

“तो बियाण्याचा दोरा होता!”

“हे मी कशावरून ओळखायचं?” सुरुचीचा आवाज चढला. “या घरात दोरा कशाला बांधलेला नाही ते सांग मला. तुळशीला दोरा. गॅसच्या शेगडीला दोरा. विजेच्या मीटरला दोरा. परवा लिफ्ट अडकली तर वहिनींनी लिफ्टच्या दाराला बांधला, आणि ती चालू झाली म्हणून सेक्रेटरींनीच तो काढू दिला नाही. आता पडवळाला बांधला, तर तो एकटाच बियाण्याचा? तिथं पाटी लावायची मग!”

“पाटी आहे,” अनंतराव म्हणाले. “‘गच्ची सभासदांसाठी आहे. शेती करावयाची असल्यास कृपया शेत घ्यावे.’”

कुसुमला हसू आलं नाही, पण चूक कुठं झाली ते लख्ख दिसलं. माई आयुष्यात फक्त एकच दोरा बांधायच्या. वेलाचं पहिलं फळ देवाला, दुसरं घराला, आणि तिसऱ्याच्या देठाला लाल दोरा. त्याला हात लावायचा नाही. वेलावरच केशरी होऊ द्यायचं. दोरा एकच होता म्हणून सगळ्यांना कळायचा. तिनं भक्तिभावानं घरभर दोरे बांधले आणि त्या एका दोऱ्याची किंमत घालवली.

“शेवटचं फळ होतं ते, आई!” पुष्कर उभाच राहिला. “माईंचा सगळा वारसा तू चिरून शिजवलास!”

“आणि गेल्या वर्षी तू मायक्रोवेव्हमध्ये घातलास तो कोणाचा होता? मी निदान मीठ तरी घातलं.”

ते खरं होतं. गेल्या वर्षीच्या सगळ्या बिया पुष्कर ‘प्रोफेशनली’ वाळवायला घेऊन गेला होता. राखेत घोळून सावलीत आठ दिवस ठेवायच्या, हे त्याला अनहायजेनिक वाटलं. त्यानं तीन मिनिटांत वाळवल्या. दिसायला सुरेख झाल्या होत्या. त्यांतली एकही उगवली नाही. कुसुमच्या देवघरात, अक्षतांच्या डबीत चुकून राहिलेल्या चार बिया तिनं जूनच्या सुरुवातीला लावल्या. त्यांतली एक रुजली. त्या एका वेलाचं हे एक फळ.

“खालचं टोक कुठंय?” कुसुमनं विचारलं.

“कसलं टोक?”

“केशरी झालं होतं ते. वीतभर.”

“ते नासलं होतं. टाकलं मी.”

“कुठं?”

“निर्माल्यात. देवाचं म्हणून तोडलेलं, कचऱ्यात कसं टाकू? मलाही कळतं थोडंफार.”

पडवळ पिकतं ते खालून. कुसुम बाल्कनीत गेली. निर्माल्याच्या पिशवीत दूर्वा, केवड्याची पानं, कालच्या हारांचा लगदा. तिनं कोपरापर्यंत हात घातला. सोवळ्यातल्या साडीवर झेंडूचं पाणी ओघळलं. तळाशी ते सापडलं, मऊ, फुटायच्या बेतात. तिनं अंगठ्यानं उकललं. आत लालभडक गर आणि गरात बसलेल्या बिया.

वाटीतल्या पाण्यात टाकल्या तेव्हा चौदांतल्या तीन पोकळ निघाल्या, वर तरंगल्या. अकरा तळाशी बसल्या.

“अकरा आहेत,” ती म्हणाली.

घरात जरा आनंद झाला. तो साधारण मिनिटभर टिकला.

“अकराच्या अकरा मी घेतो,” पुष्कर म्हणाला. “माझ्या ओळखीची एक लॅब आहे.”

“तुझ्या ओळखीचा मायक्रोवेव्हही होता,” अनंतराव म्हणाले. “माझ्या आईच्या बिया आहेत. घर सोडून कुठं जाणार नाहीत.”

“तुम्ही कधी कुंडीत तांब्याभर पाणी तरी ओतलंत का, काका?”

“पाणी नाही घातलं. पण मायक्रोवेव्हपण नाही घातला. हिशेबात मी तुझ्या पुढं आहे.”

“निम्म्या आमच्या,” सुरुची म्हणाली. “फ्लॅटच्या वेळी आम्ही काही बोललो नाही, त्याचा अर्थ—”

“फ्लॅटच्या वेळी तू आठ महिने बोलत होतीस,” अनंतराव म्हणाले.

“अकरा हाच नंबर ठेवू या का?” शेफालीनं वाटीचा फोटो काढत विचारलं. “लिमिटेड एडिशन. ‘जगातल्या शेवटच्या अकरा.’”

“ओल्या आहेत,” कुसुम म्हणाली. “त्यांना आजच राख लागेल.”

कोणाला ऐकू गेलं नाही. पुष्करनं नव्या बुटांच्या खोक्यातली ती ओल शोषणाऱ्या पांढऱ्या खड्यांची पुडी शोधून आणली, बिया तिच्यासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या, पिशवीचं तोंड दाबून बंद केलं आणि ती शोकेसमध्ये, माईंच्या फोटोसमोर ठेवली. पिशवीला आतून लगेच घाम आला.

कुसुमच्या मऊ बोलण्याचं नातलगांत फार नाव होतं. लग्नाकार्यात मुलींना तिचं उदाहरण देत. मऊ बोलणाऱ्या बाईला एक गैरसोय असते, ती मात्र उदाहरणात येत नाही: तिच्या हो-नाहीत फरक आहे, हे हळूहळू लोक विसरतात. आणि पुढं पुढं तीही.

दोन वर्षांपूर्वी जिनतचा फोन आला होता. जिनतचा नवरा कल्हईवाला. कसब्यातल्या गल्लीत त्याची भट्टी होती तेव्हा तिची लोणारी कोळशाची राख डबा भरून खांबेट्यांकडे यायची, आणि त्या राखेत घोळलेलं निम्मं बी डबा भरून परत जायचं. राख त्यांची, वेल आपला. एका वर्षी उंदरांनी माईंचं सगळं बी फस्त केलं, तेव्हा जिनतनं कोनाड्यातून नऊ बिया काढून दिल्या होत्या. पुष्कर आज ज्याला खांबेट्यांचा वारसा म्हणत होता, तो सबंध वारसा त्या वर्षी एका कल्हईवाल्याच्या कोनाड्यात बसला होता. मग गल्लीतली इमारत पडली, मुलगा मेहबूबनं लोणी काळभोरला घर घेतलं, भट्टीही तिकडे गेली.

“कुसुमवहिनी,” जिनत फोनवर म्हणाली होती, “घर बदलताना डबा भिजला बघा. सगळं बी काळं पडलं. तुमच्याकडचं निम्मं येईल ना यंदा? इथं मागं जागा आहे चांगली. मांडव घालून ठेवलाय मेहबूबनं.”

“मी स्वतः घेऊन येते, जिनतभाभी. गणपतीत येतेच.”

आणि मग पुष्कर म्हणाला होता, बाहेर कोणाला बी द्यायचं नाही, आपली एक्सक्लुझिव्हिटी जाते. कुसुम त्याला ‘नाही’ म्हणाली नाही. जिनतलाही काही म्हणाली नाही. तो गणपती गेला, पुढचा गेला. रोज विष्णुसहस्रनाम म्हणणाऱ्या बाईला एक फोन करायला तोंड उघडता आलं नाही. लोणीला रिकाम्या मांडवावर दोन पावसाळे गेले.

जेवणानंतर घर आडवं झालं. पुष्कर आणि शेफाली आतल्या खोलीत उद्याच्या शूटला फळाऐवजी काय दाखवायचं यावर कुजबुजत होते. मंडईतून एखादं पडवळ आणून त्याला दोरा बांधावा, इथपर्यंत मजल गेली होती. कुसुमनं शोकेस उघडली. काच किंचित करकरली. तिनं पिशवी घेतली, स्वयंपाकघरात आली, बिया सुती फडक्यावर पसरल्या आणि एकेक टिपायला लागली.

“चोरी?” दारातून सुरुची म्हणाली. “आणि तीही ऋषिपंचमीच्या दिवशी. सप्तर्षी बघताहेत, वहिनी.”

कुसुमचा हात थांबला. पण फडकं तिनं झाकलं नाही.

“मी जिनतभाभींना शब्द दिलाय,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली. माईंना दिलेला तर त्याहून जुना.”

“कुठं राहतात त्या आता?”

“लोणी काळभोर.”

“आज? या गर्दीत? संध्याकाळी दीड दिवसाचा गणपती उठायचाय, आणि तुम्ही पाठवणीला नाही?” सुरुची जवळ आली. “बेचाळीस वर्षांत तुम्ही आरतीला टाळीसुद्धा चुकवली नाहीत.”

“बिया उद्यापर्यंत बुरसटतील. राख हवी. माझ्या धुपाटण्यात आहे ती पाचांपुरती. बाकीच्यांना भट्टीची लागेल, ती मेहबूबकडेच मिळेल.”

“पाच घरी, सहा तिकडे? जास्तीची त्यांना?”

“माईंचं तसंच सांगणं होतं.”

सुरुचीनं फडक्याकडे पाहिलं. ती माणसं मोजायची तशी बिया मोजत होती, की मनातल्या मनात पुष्करशी भांडत होती, हे कुसुमला कळेना. या बाईनं फ्लॅटच्या वाटणीत कपाटाच्या कड्यासुद्धा मोजल्या होत्या.

“पाच माझ्याकडे द्या,” सुरुची म्हणाली. “कोथरूडला नेते. शोकेसमध्ये राहिल्या तर पुष्कर उद्या त्यांना इस्त्री करेल.”

“तो तुला विचारेल.”

“मला? पडवळ शिजवलेल्या बाईकडे कोण बी शोधणार आहे? या घरात आज माझ्याइतकी सुरक्षित जागा नाही.” तिनं कमरेची हळदीकुंकवाची डबी काढली, त्यातलं कुंकू निपटून कागदावर ओतलं. “आणि ऐका. मला दोरा ओळखता आला नाही, हे खरं. पण मी ते चिरताना मला वाटलं होतं, हे जरा जुनाट दिसतंय, वहिनींना विचारावं. मग वाटलं, त्या पूजेत आहेत, आणि विचारलं तर म्हणतील, ‘तुला बरं वाटेल तसं कर.’ तुम्ही नेहमी तेच म्हणता.”

कुसुमनं धुपाटणं उपडं केलं. चिमूटभर करडी राख डबीत पडली. पाच बिया तिनं त्यात घोळल्या, अगदी हलक्या हातानं, आणि डबी सुरुचीच्या हातात दिली.

“आठ दिवस सावलीत,” ती म्हणाली. “झाकण लावायचं नाही. पुष्करला द्यायच्या नाहीत.”

“तुला बरं वाटेल तसं, नाही का म्हणणार?”

“नाही.”

सुरुचीनं मान डोलावली. मग देवासमोर जाऊन तबकातून काहीतरी उचलून आणलं. तो लाल दोरा होता. पडवळ तोडल्यावर टाकवेना म्हणून तिनं गणपतीच्या पायाशी ठेवला होता.

सहा बिया फडक्यात. फडक्याला दोरा. एक रिकामा, पत्र्याचा, घट्ट झाकणाचा डबा, राखेसाठी. कुसुमनं मखरासमोर हात जोडले. उत्तरपूजेआधी बाहेर पडण्याची काही तरतूद तिच्या पोथीत नव्हती, म्हणून तिनं पोथीबाहेरचं बोलून घेतलं: देवा, तू वाजतगाजत निघणार आहेस. मला आज न वाजवता निघू दे.

सोफ्यावर अनंतराव डोळे मिटून पडले होते. ती चपला घालत असताना डोळे न उघडता म्हणाले, “कुठं?”

“लोणीला.”

“आरती?”

“तुम्ही करा.”

“मला मंत्रपुष्पांजली पूर्ण येत नाही.”

“येते तेवढी म्हणा. त्याला पाठ आहे.”

बेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोनं त्यांच्यावर टाकलेला हा पहिलाच टोमणा असावा, आणि तो त्यांना आवडला असावा, कारण त्यांनी कूस बदलली. “जिनतभाभींना नमस्कार सांग,” भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले. “आणि मेहबूबला म्हणावं, राख चाळून दे.”

बाहेर गल्लीत मंडपांमुळं रिक्षा येत नव्हती. पदराखाली डबा धरून ती ढोलांच्या आवाजातून बाजूबाजूनं चालत मनपाच्या स्टँडवर आली. बस भरलेली होती. एका मुलीनं उठून जागा दिली. कंडक्टर घामेजलेला, वैतागलेला. पुढच्या दोघांना त्यानं तीन-तीनदा विचारलं होतं.

“कुठं, मावशी?”

“हडपसर गाडीतळ. तिथून पुढं लोणी काळभोरला जायचंय मला,” कुसुम म्हणाली.

त्याला पुन्हा विचारावं लागलं नाही. पुढच्या बाकावरच्या माणसानंही वळून पाहिलं.